अकरा डिग्री

पहिल्याच भेटीत त्याने मला कोंडून घातलं.

आता तुम्ही म्हणाल, प्रेमकथेची ही काय सुरुवात झाली? पण झालं तसं सांगायचं ठरवलंय, तेव्हा ऐका. समुद्रकाठच्या एका गावात त्याच्या घरचं माशांचं हॉटेल होतं, वीस वर्षांचं, नावाजलेलं. आता शहरात दुसरं निघत होतं. सुतार, रंगारी, गवंडी सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून काम करत होते, आणि माझ्या वाट्याला आली होती कोल्डरूम. मी कोल्डरूम बसवते. बाबांचं दुकान आहे. गेली सहा वर्षं शिडीवर मी चढते आणि बाबा खाली उभे राहून चुका काढतात.

त्या दिवशी मशीन पहिल्यांदाच चालू केलं होतं. मी आत, अगदी मागच्या कोपऱ्यात, पंख्याखाली वाकून बोल्ट आवळत होते. दार उघडं. एवढ्यात बाहेरून कुणीतरी करवादलं, "दार सताड उघडं टाकून गेले! थंडी काय फुकट येते?" आणि धाडकन दार लागलं.

आतून दार उघडायचा दांडा अजून बाहेर खोक्यातच होता. तो बसवायचं काम कुणाचं? माझंच.

मी पान्याने दार बडवलं. हाका मारल्या. बाहेर नेमकी चिमणीच्या पंख्याची चाचणी चाललेली, त्या घरघरीत कोण ऐकतंय? सात-आठ मिनिटं गेली असतील... मला ती सात-आठ तासांसारखी वाटली. शेवटी दार उघडलं. समोर एक उंच माणूस, पांढरा कोट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि मनगटाला माशाचा एक खवला चिकटलेला.

"तुम्ही आत काय करताय?" त्याने विचारलं.

"पोहतेय!" मी म्हणाले. दात वाजत होते, त्यामुळे ते "पो-पो-पोहतेय" असं बाहेर आलं आणि सगळा रुबाब गेला.

तो हसला नाही, हे त्याचं नशीब. त्याचा चेहरा साफ पडला. त्याने अंगातला कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला, मला चुलीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि वाडगाभर गरम सूप हातात दिलं. माशांच्या काट्यांचं, पातळ, वाफाळतं. सगळं स्वयंपाकघर हातातली कामं सोडून माझ्याकडे बघत होतं. मी दोन घोट घेतले.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"मीठ कमी आहे."

मासे साफ करणारी मावशी होती, तिची सुरी जागीच थांबली. दोन आचारी एकमेकांकडे बघायला लागले. तोवर मला कळलं नव्हतं, की हाच इथला शेफ. मी तर त्याला मालाची ने-आण करणारा समजले होते. त्याने चमचा घेतला, माझ्याच वाडग्यातून एक घोट चाखला आणि परत एक घेतला.

"आहे खरं," तो म्हणाला. "दोन दिवस शोधतोय, काय चुकतंय म्हणून. ज्याला विचारावं तो म्हणतो, छान झालंय, शेफ!"

"मला कुठे तुमच्याकडे नोकरी टिकवायचीय?"

तेव्हा मात्र तो हसला. डावा गाल आधी, उजवा मागून. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक... सूपच गरम होतं फार, असं मी स्वतःला सांगितलं.

तिथून पुढे त्या कोल्डरूमच्या तक्रारी सुरू झाल्या. एक दिवसाआड फोन.

"मॅडम, आवाज येतोय."

"मशीन आहे, शेफ. आवाज येणारच. आवाज आला नाही, तर फोन करा."

"तरी एकदा येऊन बघा ना..."

मी जायचे. आवाज ठीक असायचा. मग 'आलाच आहात तर' म्हणून एखादी बशी पुढे यायची. कधी भाजलेला बांगडा, कधी लसणीतल्या शिंपल्या. मी चाखायचे आणि खरं ते सांगायचे. हे तिखट झालंय, हे बरं आहे, हे खाऊन माझे बाबासुद्धा चुका काढायचं विसरतील. तो भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ऐकायचा. माझं बोलणं संपलं तरी बघतच राहायचा.

मावशीच्या नजरेतून काय सुटतंय? एकदा मला म्हणालीच, "काय गं बाई, त्या खोलीला इतकी कसली सर्दी झालीय? बघावं तेव्हा वैद्य हजर!"

"नवीन मशीन आहे, मावशी."

"हो, हो. नव्याचे नऊ दिवस असतात. तुझा आज कितवा?"

मी पान्यांची पिशवी उचलली आणि पळाले.

एका दुपारी आम्ही दोघं मागच्या पायरीवर, उपड्या ठेवलेल्या क्रेटवर बसलो होतो. मी खेकड्याचा पाय फोडत होते आणि तो बोलत होता. त्याला त्याच्या ताईने वाढवलं होतं. गावातलं हॉटेल तिचं, त्याच्या हातातली सुरीही तिनेच पहिल्यांदा दिलेली. शहरातली ही शाखा तिला मुळीच नको होती. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं तिचं म्हणणं. खूप विनवण्या केल्यावर ती एका अटीवर कबूल झाली.

"उद्घाटनाच्या दिवशी ती येणार. दिवसभर बसून बघणार. तिच्यावाचून मला स्वयंपाकघर चालवता आलं, तर मी इथेच. नाही आलं, तर कुलूप लावायचं आणि तिच्याबरोबर परत जायचं."

"आणि तुम्ही जाल?"

"शब्द दिलाय ताईला." तो हाताच्या रेषा बघत राहिला. "सहा तासांचा रस्ता आहे इथून."

"अस्सं," मी म्हणाले. खेकड्याचा तो पाय मला शेवटपर्यंत फुटला नाही. सहा तास! तिथल्या कोल्डरूमचा आवाज ऐकायला मला कोण बोलावणार होतं?

उद्घाटन शुक्रवारी होतं. सोमवारी मी काम पूर्ण करून द्यायचं होतं. त्याने खोलीत येऊन सगळं पाहिलं, दार चारदा उघडून लावलं, आतला दांडा तर सहादा.

"आता काही तक्रार नाही," तो म्हणाला. आवाज जरा उतरलेला होता, की मलाच तसं वाटलं?

"नाही ना? छान," मी म्हणाले आणि पाने पिशवीत भरायला लागले. संपलं म्हणजे सगळं. आता कुठल्या तोंडाने यायचं?

आणि तिथे मी ती गोष्ट केली.

थोडं समजावून सांगते. कोल्डरूममध्ये पंख्यामागे नळ्यांची जाळी असते. हवेतलं बाष्प तिच्यावर बसून गोठतं. तो बर्फ वितळावा म्हणून मशीनने ठरावीक तासांनी थोडा वेळ थांबायचं असतं. किती तासांनी, ते एका छोट्या टायमरवर लावायचं. माशांच्या खोलीत बर्फाचे ओले क्रेट असतात, दार सारखं उघडतं, म्हणून दर चार तासांनी. कारखान्यातून तो येतो चोवीस तासांवर. चकती फिरवायचं काम अर्ध्या मिनिटाचं. मी चकतीवर बोट ठेवलं... आणि काढून घेतलं. म्हटलं, राहू दे. गुरुवारी येऊ, 'शेवटची तपासणी' म्हणू आणि तेव्हा फिरवू. तीन दिवस काही होत नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी काम अर्धवट ठेवलं, तेही समजून उमजून.

गुरुवारी संध्याकाळी मी गेले. केसांना तेल नव्हतं, धुतलेले होते. बाबांनी ते पाहिलं आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

स्वयंपाकघरात नुसती लगबग चालली होती. मावशीपुढे सोललेल्या कोळंबीचा डोंगर. माशांचे तुकडे कापून, मसाला लावून ताटांत मांडलेले. दर मिनिटाला कुणीतरी कोल्डरूमचं दार उघडत होतं. मी तिकडेच निघाले होते, देवाशप्पथ, पण तो मध्ये आला. हातात लहानशी बशी. भाजलेल्या माशाचा एकच तुकडा, वर लिंबाचे दोन थेंब.

"हे शेवटचं. हे जमलं की सगळं जमलं."

पान्यांच्या पिशवीतलं वंगण लागून माझे हात काळे झाले होते. मी ते पुसायला काहीतरी शोधत होते, तर त्याने तो तुकडा बोटांत धरून माझ्या ओठांपाशी आणला. भर स्वयंपाकघरात! मी तो खाल्ला. काय सांगू... तोंडात गेला आणि विरघळला.

"बोला. काय कमी आहे?"

"काही नाही," मी म्हणाले. "काहीच कमी नाही."

तो जरा वाकला. "उद्या येशील ना?"

'तू' म्हणाला! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"कामाला?"

"जेवायला. माझी पाहुणी म्हणून."

मी मान डोलावली. नंतर मी पान्यांची पिशवी उचलली, सगळ्यांना 'येते' म्हणाले, रस्त्याला लागले, घरी पोचले, बाबांना दोनदा तेच वाढलं आणि झोपले. कोल्डरूममध्ये मी पाऊलही टाकलं नव्हतं.

सकाळी सहाला फोन वाजला.

"खोलीत अकरा डिग्री आहे," तो म्हणाला. आवाज अगदी सपाट. "लवकर ये."

बाबा आणि मी पंधरा मिनिटांत तिथे होतो. पंख्यामागची जाळी दिसतच नव्हती, तिथे बर्फाची पांढरी भिंत उभी होती. पंखा नुसता गरगरत होता, हवा येत नव्हती. दोन अंशांवर राहायला हवी ती खोली रात्रभर तापत गेली होती. मी गरम पाण्याचा पाइप लावला आणि शिडीवर चढले. हात चालत होते, डोळ्यांपुढे काही नव्हतं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारणं म्हणजे काय, ते मला त्या शिडीवर कळलं. तो जवळ राहावा म्हणून केलं, आणि आता त्याला परत पाठवायची सोय मीच करून ठेवली होती.

बाबांची नजर टायमरवर गेली. मग माझ्याकडे आली. त्यांनी चकती चारवर आणली आणि अगदी हळू म्हणाले, "कारखान्यातून चुकीचं लागून आलं, असं सांगू का?"

जन्मभर माझ्या चुका काढणारा माणूस! माझे डोळे भरून आले.

"नको, बाबा."

बाहेर तो एकेक क्रेट उघडत होता. बर्फात पूर्ण गाडलेले मासे वाचले होते. त्याने प्रत्येकाचा कल्ला उघडून पाहिला, बोटाने दाबून पाहिलं. पण कापून मांडलेली ताटं, ती सोललेली कोळंबी... त्याने एकदा वास घेतला आणि टोपलीत रिकामी केली. एक, दोन, सात, बारा.

"शेफ, पाहुण्यांना कळणार नाही," एक आचारी कळवळून म्हणाला. "मसाल्यात सगळं..."

"मला कळेल ना," तो म्हणाला, आणि तेरावं ताट उलटं केलं. मावशी पदराने डोळे टिपत होती. आदल्या दिवसाचे नऊ तास त्या टोपलीत होते.

नेमक्या त्याच वेळी दारातून ताई आत आली. ठेंगणी बाई, केस पांढरे, हातात प्रवासाची पिशवी. तिने टोपलीकडे पाहिलं, भिंतीवरच्या पदार्थांच्या यादीकडे पाहिलं, मग भावाकडे.

"कशाने झालं?"

"मशीनचं काय सांगावं, ताई," तो म्हणाला. "नवीन आहे. होतं कधी कधी."

त्याला खरं माहीत नव्हतं. तो मला सांभाळून घेत होता, आणि तेच मला सहन होईना. मी शिडीवरून उतरले.

"मशीनची चूक नाही, ताई. माझी आहे. एक चकती फिरवायची होती. ती मी सोमवारी फिरवली नाही. मुद्दाम. काल फिरवायला आले आणि विसरले."

"मुद्दाम?" ताईने पिशवी खाली ठेवली. "का?"

"परत यायला कारण हवं होतं."

"कुठे परत?"

"इथे."

"इथे असं काय आहे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. हातात सुरी, केस विस्कटलेले, रात्रीच्या जागरणाने डोळे लाल.

"हे आहेत," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत होता. क्षणभर... दोन क्षण. मग त्याने तोंड फिरवलं आणि खडूने लिहिलेली यादीतली नावं पुसायला लागला. चौदातले आठ पदार्थ गेले.

"सहा पदार्थ. बारा वाजता दार उघडेल. चला, लागा कामाला."

माझ्याकडे त्याने नंतर वळून पाहिलं नाही. मी निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना. मी कोल्डरूमच्या दाराशी बसून तापमानाच्या काट्याकडे बघत राहिले. नऊ. सहा. चार. साडेअकराला दोन.

दुपारी सगळी टेबलं भरली. तो स्वतः एकेका टेबलाशी जाऊन सांगत होता, "आज यादी लहान आहे. सकाळी जे खात्रीचं वाटलं नाही, ते मी फेकून दिलं. जे आहे, ते डोळे मिटून खा." एक कुटुंब उठून गेलं. बाकी बसले. सूप शेवटच्या थेंबापर्यंत संपलं. ताई कोपऱ्यातल्या टेबलावर ताठ बसून सगळं बघत होती, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. एक अक्षर लागेल तर शपथ!

चार वाजता शेवटचे पाहुणे गेले. ताई आत आली, आणि आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे उभे.

"तुला परत न्यायचं, हे मी घरून ठरवूनच निघाले होते," ती भावाला म्हणाली. "आज काही बिघडलं नसतं, तरी काहीतरी खुसपट काढलंच असतं मी. घर खायला उठतं रे तुझ्यावाचून." तिने पदर सावरला. "पण सकाळी तू ती ताटं रिकामी केलीस ना, मला न विचारता... मी दारात उभी होते, तुला दिसले नाही. आता तुला माझी गरज नाही. राहा इथे."

त्याने वाकून तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिने दोनदा थोपटलं आणि माझ्याकडे वळली.

"आणि तू! काम चोख आहे तुझं, पण मन थाऱ्यावर नाही. उद्यापासून या खोलीला हात लावायचा नाही. दुसरा माणूस येईल. कळलं?"

"हो, ताई."

बाबांनीही मान डोलावली. शिक्षा योग्यच होती. तो राहणार होता, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला होता. आणि आता इथे यायचं एकही कारण माझ्यापाशी उरलं नव्हतं.

मी मागच्या पायरीवर जाऊन पाने आवरायला लागले. थोड्या वेळाने तो आला. जरा अंतर ठेवून बसला.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"हो."

"खूप आलाय. नऊ तासांची मेहनत होती मावशीची. सगळ्यांची. माझं तर... तुला ठाऊक होतं, माझं काय होतं ते."

"हो," मी म्हणाले. याहून जास्त बोलले असते, तर रडू आलं असतं. आलंच.

"एक साधी गोष्ट सांग. यायला कारण कशाला हवं होतं? मी एक दिवसाआड फोन करत होतो, ते काय मला आवाज ऐकू येत होता म्हणून?"

"मला कसं कळणार? तुम्ही कधी बोललात?"

"तू तरी कुठे बोललीस? बोललीस तेही ताईसमोर, अख्ख्या स्वयंपाकघरासमोर, मी हातात सुरी घेऊन उभा असताना!" त्याचा आवाज चढला आणि मध्येच कुठेतरी डळमळला. डावा गाल हलला. त्याने तो लगेच आवरला. "मी रागावलोय. हसत नाहीये."

"दिसतंय."

आत मावशी भांडी आपटत होती, मुद्दाम मोठ्याने.

"कधी जाईल राग?" मी विचारलं.

त्याने माझ्या हातातला पाना काढून बाजूला ठेवला. काळं लागलेला माझा हात आपल्या हातात घेतला आणि विचारात पडल्यासारखं केलं.

"असं नाही सांगता येत," तो म्हणाला. "रोज येऊन बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी गेले. राग होता. तिसऱ्या दिवशीही होता, पण त्याने ताट वाढलं. आठव्या दिवशी मावशी म्हणाली, पुरे आता, लग्न करा आणि घरी बसून रागवा. आमच्या लग्नाला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. कधी जवळ बसून मी विचारते, "गेला का रे तुझा राग?"

तो चमचा खाली ठेवतो, नीट विचार करतो आणि म्हणतो, "थोडा आहे अजून. उद्या बघ."